वाचक विचारतात: जुन्या अँप्लिफायरचं पॅनेल आणि मीटर

या वेळी जुन्या अँप्लिफायरच्या तोंडवळ्याबद्दल इतक्या जणांनी विचारलंय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि अख्खं सदर यालाच दिलं. कुणाचा आवाज अजून झकास आहे पण मीटरचे दिवे गेलेत, कुणाचा काटा अडकतो, कुणाच्या पॅनेलवरची अक्षरं उडालीत, आणि काहींच्या अँपला मीटर मुळात नव्हतेच, आता बसवायचेत. एक गोष्ट आधीच सांगतो कारण ती सगळ्या उत्तरांत येणार आहे, जे काही कराल ते उद्या परत काढता येईल असं करा. मूळ पॅनेलला एकदा भोक पडलं की ते कायमचं.

प्रश्न: माझ्याकडे ७० च्या दशकातला स्टिरिओ अँप्लिफायर आहे, ८ ओहमला दर चॅनेल ५० वॅट. मीटर नाहीत. मी ५०० मायक्रोअँपियरचे दोन व्हीयू मीटर (आवाजाची पातळी काट्याने दाखवणारे) घेतलेत, मागे दोन पाय आणि बल्बच्या दोन वायरी एवढंच आहे. एक मित्र म्हणतो स्पीकर टर्मिनलला सरळ जोड, दुसरा म्हणतो मधे एक रेझिस्टर टाक, तिसरा म्हणतो वेगळा बोर्डच लागतो. नक्की काय करू?

उत्तर: सरळ तर अजिबात जोडू नका. अशा मीटरच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ६५० ओहम असतो, म्हणजे काटा शेवटपर्यंत जायला जेमतेम ०.३३ व्होल्ट डीसी लागतो. तुमचा अँप ५० वॅटला स्पीकरवर २० व्होल्ट एसी देतो. कॉइल जळेलच, आणि नाही जळली तरी मीटर काही दाखवणार नाही कारण आत फिरणारी कॉइल आणि लोहचुंबक आहे, तिला सरासरी डीसी कळतो, एसीची सरासरी शून्य, त्यामुळे काटा जागच्या जागी थरथरत राहतो. म्हणजे एक रेझिस्टर पुरत नाही, रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, पण लागतो. काही मीटरच्या पोटात तो आधीच बसवलेला असतो, पण मायक्रोअँपियर लिहिलेले मीटर बहुतेक वेळा नुसते डीसीचेच असतात.

सगळ्यात साधं सर्किट म्हणजे चार डायोडचा ब्रिज, त्याच्या आधी एक रेझिस्टर आणि ब्रिजच्या प्लस मायनसला मीटर. हिशोब बघा, २० व्होल्टचा साइन वेव्ह रेक्टिफाय केला की सरासरी १८ व्होल्ट मिळते, त्यातून दोन सिलिकॉन डायोडचे मिळून १.२ वजा करा, राहिले १६.८. याला ५०० मायक्रोअँपियरने भागलं की साधारण ३३.६ किलोओहम, त्यातून मीटरचे ०.६५ काढले की ३३ किलोओहम. म्हणून २२ के चा फिक्स रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमधे २२ के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून बदलायचा रेझिस्टर) लावा, प्रीसेट मधोमध असताना बरोबर त्या आकड्यावर येता आणि दोन्ही बाजूंना फिरवायला जागा राहते. पाव वॅटचा रेझिस्टर भरपूर झाला. दोन्ही मीटरना आपापला प्रीसेट द्या, एकातच दोघांना बसवायचा प्रयत्न नको, एकाच खोक्यातून निघालेले दोन मीटरही तंतोतंत सारखे नसतात.

आता महत्त्वाचं. हा रेझिस्टर मीटरजवळ लावू नका, स्पीकर टर्मिनलजवळ लावा. बरेच जण बोर्ड पॅनेलच्या मागे चिकटवतात आणि टर्मिनलपासून तिथपर्यंत उघडी वायर आणतात, ती वायर कुठेतरी पत्र्याच्या कडेला घासून कापली गेली की अँपचं आउटपुट सरळ चॅसिसला, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याला शॉर्ट, आणि मग आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. रेझिस्टर टर्मिनललाच असेल तर पुढे वायर कुठेही चिकटली तरी अर्धा पाऊण मिलिअँपियरच्या वर काही जात नाही. दुसरं, मीटरचं कुठलंही टोक चॅसिसला जोडू नका, ब्रिज लावल्यावर ते दोन्ही तरंगतेच राहिले पाहिजेत. आणि अँप ब्रिज आउटपुटचा (स्पीकरच्या दोन्ही टर्मिनलना सिग्नल देणारा, याचा डायोडच्या ब्रिजशी संबंध नाही) असेल तर स्पीकरचं काळं टर्मिनल पण ग्राउंड नसतं, त्यात पण आवाज असतो, म्हणून त्याला ग्राउंड समजून काहीही करायचं नाही. प्रीअँपच्या सिग्नल लाइनवर असा डायोड ब्रिज कधी लावू नका, तिथे सिग्नल कमी ताकदीचा असतो आणि डायोड त्याचा आकार बिघडवतात, तिथे आधी ऑपअँपचा बफर हवा, म्हणजे सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारी छोटी आयसी. स्पीकर आउटपुटला त्याचा काही फरक पडत नाही.

आता तुमचा तिसरा मित्र, तो पण बरोबरच आहे. वरचं सर्किट व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात चालतं आणि कान तसा चालत नाही. ५० वॅटला २० व्होल्ट, पण १ वॅटला फक्त २.८३ व्होल्ट, म्हणजे काटा सगळ्या वाटेच्या सातव्या हिश्शापर्यंतही उठत नाही, आणि घरात आपण ऐकतो ते बहुतेक वेळ १ वॅटच्या आसपास किंवा त्याच्याही खालीच असतं. त्यामुळे लोक मीटर बसवतात, हौसेने गाणं लावतात आणि काटा हलतच नाही म्हणून नाराज होतात. जुन्या मोठ्या अँपच्या मीटरवर ०.०१ वॅटपासून १०० वॅटपर्यंतच्या खुणा एका ओळीत दिसतात ना, त्यांच्या मागे सिग्नलचं लॉग (लॉगॅरिदम) काढणारं सर्किट असतं, ऑपअँप आणि डायोडचं. असे तयार बोर्ड मिळतात, त्यांना प्लस मायनस सप्लाय लागतो पण करंट अगदी थोडा, तो अँपच्या आतल्याच सप्लायमधून घेता येतो. पण लॉग बोर्ड लावला की मीटरची डायल पण लॉगचीच पाहिजे. साध्या व्हीयू डायलच्या मागे लॉग सर्किट लावलं तर काटा सुंदर नाचेल पण त्याने दाखवलेला प्रत्येक आकडा खोटा असेल, मला ते पटत नाही, मीटर हे मोजायचं यंत्र आहे.

मधला मार्ग मला जास्त आवडतो, तो म्हणजे रेंजचा स्विच. पॉवर दहाव्या हिश्शाची म्हणजे व्होल्टेज ३.१६ ने कमी, ५ वॅटला ६.३ व्होल्ट, आणि तोच हिशोब केला की रेझिस्टर साधारण ८.२ के येतो. मूळ पॅनेलवर स्विचसाठी भोक न पाडता तो मागच्या बाजूला बसवा. फक्त या रेंजवर कुणी व्हॉल्यूम वाढवला तर काटा जोरात आपटेल, म्हणून मीटरच्या दोन पायांवर एक सिलिकॉन डायोड लावा, ज्या दिशेने करंट जातो त्याच दिशेने. मीटर ०.३३ व्होल्टला पूर्ण भरतो, डायोड ०.६ च्या आसपास उघडतो, त्यामुळे नेहमीच्या वापरात तो मधे येत नाही आणि जास्तीचा करंट स्वतःवर घेतो.

प्रीसेट लावायला ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरच्या जागी लावायचा मोठा रेझिस्टर) असलाच पाहिजे असं नाही, आपण व्होल्टेजच मोजतोय. स्पीकर काढून ठेवा, ४०० हर्ट्झचा साइन टोन द्या, मल्टीमीटर एसीवर ठेवून टर्मिनलवर २० व्होल्ट येईपर्यंत व्हॉल्यूम वाढवा आणि काटा ५० वॅटच्या खुणेवर आणा. १००० हर्ट्झ घेऊ नका असं मुद्दाम सांगतोय, कारण बरेच साधे मल्टीमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी बरोबर वाचतील याची खात्री नसते. अँप व्हॉल्व्हचा असेल तर मात्र लोडशिवाय हे अजिबात करायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आणि झाकण उघडण्याआधी, प्लग काढून थांबा. आतले मोठे कपॅसिटर, समजा १०,००० मायक्रोफॅरडचे ५० व्होल्टला भरलेले, प्लग काढल्यावरही भरलेलेच राहू शकतात. १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावून एक मिनिट धरा, मग मल्टीमीटरने शून्य झालंय का ते बघा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय असेल तर ती सोडा. पॅनेलचं काम करताना लोक विसरतात की पॉवर स्विच पॅनेलवरच असतो आणि त्याच्यावर मेनचं व्होल्टेज असतं.

प्रश्न: माझ्या रिसीव्हरच्या मीटरमागचे ८ व्होल्टचे छोटे बल्ब सारखे जातात. एलईडी टाकले तर जुना उबदार रंग जाईल का? आणि एलईडी एसीवर चालतात का?

उत्तर: रंग जाऊ शकतो, आणि गेला की अँप ओळखू येत नाही इतका वेगळा दिसतो, त्यामुळे घाई करू नका. आधी बल्बच्या पुढे काय आहे ते बघा. बऱ्याच सेटमधे बल्ब आणि डायलच्या मधे निळं किंवा हिरवं पारदर्शक प्लॅस्टिक असतं, बल्बचा प्रकाश पिवळट, तो निळ्यातून गेला की मऊ निळा हिरवा दिसतो. तिथे थंड पांढरा एलईडी टाकला की डोळ्यात घुसणारा निळा येतो, कारण त्या एलईडीत निळा आधीच ठासून भरलेला असतो. म्हणून उबदार पांढरा, २७०० केल्विनच्या आसपासचा घ्या. तरीही निळ्या प्लॅस्टिकमागे तो थोडा मंद वाटेल कारण प्लॅस्टिक त्याचा पिवळा भाग खाऊन टाकतं. डायल नुसती पांढरी किंवा क्रीम रंगाची असेल, मधे काही नसेल, तर उबदार पांढरा एकदम फिट बसतो. मॅकिंटॉश कंपनीच्या अँपसारखे निळे मीटर हवेत म्हणून काहीजण क्रीम डायलमागे निळे एलईडी घालतात, मी तसं करणार नाही, क्रीम कागदावर निळा प्रकाश मळकट दिसतो.

एसीवर एलईडी चालतो पण लुकलुकतो, आणि उलट्या व्होल्टेजने लवकर मरतो. ८ व्होल्ट एसीला छोटा ब्रिज आणि २२० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा, साधारण १० व्होल्ट डीसी मिळेल. एका उबदार एलईडीला ३ व्होल्ट धरले तर उरलेल्या ७ व्होल्टसाठी १० मिलिअँपियरला ६८० ओहम. पण १० मिलिअँपियर पण बऱ्याचदा जास्तच होतो, मी १.५ के पासून सुरू करून खोलीत अंधार करून बघतो, कारण जुने बल्ब आपल्याला आठवतात त्याहून बरेच मंद होते. एक एलईडी बल्बसारखा चहूकडे प्रकाश टाकत नाही, मधोमध एक डाग पडतो, म्हणून त्याचं टोक बारीक सँडपेपरने घासून धुरकट करा किंवा समोर ट्रेसिंग पेपर ठेवा. मूळ कागद उष्णतेने तपकिरी झाला असेल तर तो पण याच वेळी बदला. ८ व्होल्ट ३०० मिलिअँपियरचा एक बल्ब २.४ वॅट उष्णता देतो आणि असे चारपाच बल्ब पॅनेलमागे वर्षानुवर्षं तापत असतात, कागद काय करेल बिचारा.

एलईडी नको असतील तर तसेच बल्ब ठेवा आणि त्यांना थोडा कमी व्होल्टेज द्या. १० टक्के कमी केला तर प्रकाश साधारण ३० टक्क्यांनी उतरतो पण आयुष्य तिपटीहून जास्त होतं. त्यासाठी सिरीजमधे छोटा रेझिस्टर पुरतो, ३०० मिलिअँपियरला २.७ ओहम, १ वॅटचा. मला स्वतःला हाच उपाय सगळ्यात आवडतो, रंग तोच राहतो आणि काही बदलल्यासारखं वाटत नाही.

प्रश्न: डावा काटा मधेच अडकतो, काचेवर टिचकी मारली की सुटतो. मीटर उघडू का?

उत्तर: लगेच नको. पुढचं आवरण प्लॅस्टिकचं असेल तर आधी स्थिर विजेचा संशय घ्या, कोरड्या फडक्याने पुसलं की प्लॅस्टिक भारित होतं आणि काट्याला ओढून धरतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकून ओलसर फडक्याने पुसा आणि तसंच वाळू द्या. बऱ्याचदा एवढ्यावर सुटतो. तरी अडकत असेल तर मीटर काढा आणि दीड व्होल्टच्या सेलला १०० के सिरीजमधे लावून तपासा, १५ मायक्रोअँपियर जाईल, मग रेझिस्टर कमी करत करत काटा शेवटपर्यंत न्या. नेहमी त्याच जागी अडकत असेल तर चुंबकाच्या फटीत कण गेलाय. मल्टीमीटर ओहमवर ठेवून मीटर तपासायचा मोह टाळा, काही मल्टीमीटर छोट्या रेंजवर १ मिलिअँपियर सोडतात आणि काटा आपटून वाकतो.

उघडायचाच झाला तर जिथे ड्रिल किंवा कानस चालवली त्या टेबलावर कधीच उघडू नका. लोखंडाचा कीस चुंबक स्वतःच ओढून घेतो आणि मग तो काढणं फार किचकट काम. स्वच्छ पांढरा कागद अंथरा, फटीतला कण चिकटपट्टीच्या टोकाने उचला. केसासारख्या स्प्रिंगला चिमटा लागू देऊ नका, ती एकदा वाकडी झाली की मीटर गेलाच समजा.

प्रश्न: गाणं वाजताना काटा उजवीकडच्या शून्याच्या खुणेपर्यंत पण जात नाही आणि तरी आवाज फाटतो. मीटर चुकीचा आहे का?

उत्तर: मीटर बरोबर असू शकतो. व्हीयू मीटर १९३९ मधे बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून ठरवला, रेडिओ आणि टेलिफोनच्या लाइनवर सगळीकडे सारखं वाचता यावं म्हणून. तो मुद्दाम सुस्त ठेवलाय, एकदम सिग्नल दिला की काट्याला आपल्या जागी पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे तो सरासरी दाखवतो, तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका त्याच्या हाती लागतच नाही, काटा उठेपर्यंत ठोका संपलेला असतो. संगीतात असे ठोके सरासरीच्या १० डेसिबल वर सहज जातात आणि १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. काटा ५ वॅटवर असताना तुमचा ५० वॅटचा अँप ठोक्याला पूर्ण संपलेला असू शकतो. म्हणून साइन टोनवर लावलेल्या मीटरचा काटा गाण्यात शेवटाला टेकत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, तो टेकायलाच नको. फाटणं पकडायचं असेल तर मीटरसोबत पीकचा, म्हणजे क्षणिक ठोके दाखवणारा, एक एलईडी लावा, तो पटकन पेटून हळू विझणाऱ्या सर्किटवर चालला पाहिजे.

प्रश्न: मीटरऐवजी एलईडीची पट्टी लावली तर?

उत्तर: जागा नसेल तर लावा. एलएम३९१५ ही आयसी १० एलईडी ३ डेसिबलच्या पायऱ्यांनी चालवते, म्हणजे ३० डेसिबलची रेंज मिळते, काम चोख करते. पण काट्याच्या अँपमधे काटाच शोभतो.

प्रश्न: पॅनेल ब्रश केलेल्या अॅल्युमिनियमचं आहे, खूप चरे पडलेत आणि व्हॉल्यूमच्या भोवतीची अक्षरं पुसलीत. घासून परत नवं करू की नवीन पॅनेल बनवून घेऊ?

उत्तर: घासू नका. ब्रशच्या रेघांवर अॅनोडायझिंगचा पातळ कडक थर असतो, सँडपेपर लावला की तो तेवढ्या पट्ट्यात निघतो आणि ती जागा कायम वेगळी चमकते, उरलेली अक्षरं पण जातात. आधी नॉब काढून कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ फडकं, रेघांच्या दिशेनेच. अर्धे चरे म्हणजे नुसता वर्षांचा चिकटा निघतो, खरंच. अमोनियाचा काचेचा क्लीनर, अॅसिटोन, थिनर, अल्कोहोल अक्षरांपासून लांब ठेवा, आणि ओव्हन साफ करायची कॉस्टिकवाली फवारणी तर पॅनेलच्या आसपास पण नको, ती अॅनोडायझिंग खाऊन टाकते.

चरे खोल असतील आणि बदलायचंच असेल तर नवीन पॅनेल बनवा, पण मूळ जपून ठेवा. मूळ पॅनेल ६०० डीपीआयला स्कॅन करा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, म्हणजे माप पडताळता येतं. त्यावरून चित्र काढा, कागदावर एकास एक छापा, कापून अँपवर लावून बघा, प्रत्येक शाफ्ट भोकाच्या मधोमध येतोय का ते बघा, मगच धातू कापायला द्या. इथे घाई केली की सगळं फुकट जातं.

जाडीकडे लक्ष द्या. पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) मानेवरचा आटा बऱ्याचदा ७ मिलिमीटरच्या आसपासच लांब असतो, जाड पॅनेल सुंदर दिसतं पण मग नटाला पकडायला आटाच उरत नाही, तिथे मागून गोल खड्डा कोरून घ्यावा लागतो. नवीन नॉब घेताना शाफ्ट मोजा, ६ मिलिमीटर आणि पाव इंच म्हणजे ६.३५, दिसायला सारखे पण पाव इंची नॉब ६ च्या शाफ्टवर डुगडुगतो. पॅनेल लोखंडी करू नका, काटेवाल्या मीटरचं चुंबकीय क्षेत्र त्यात विरून वाचन सरकतं, अॅल्युमिनियमच घ्या.

अक्षरांसाठी काळ्या अॅनोडाइज्ड पत्र्यावर लेझर सगळ्यात टिकाऊ, रंग निघायचा प्रश्नच नाही, थरातला काळा रंग जळून ती जागा फिकट राखाडी दिसते. चंदेरी पॅनेलवर काळी अक्षरं हवी असतील तर स्क्रीन प्रिंट किंवा यूव्ही प्रिंट. पाण्यावर सरकवायचे डेकल (पातळ पापुद्र्यावर छापलेली अक्षरं) घरी जमतात पण वर क्लिअर लॅकरचा हात हवाच, आणि व्हॉल्यूमभोवती बोटं लागून कडा उचलतातच, म्हणून ते मी कायमसाठी सुचवत नाही. अक्षराचा टाइप मूळचाच ठेवा, जाडी आणि दोन अक्षरांतलं अंतर धरून. नवीन पॅनेल बहुतेक वेळा तिथेच ओळखू येतं.

शेवटचं, अॅनोडायझिंग वीज वाहू देत नाही. अँपला तीन पिनांचा प्लग असेल तर नवीन पॅनेलच्या मागे एका स्क्रूखाली थर खरवडून दात असलेला वॉशर लावा आणि प्लगच्या अर्थ पिनपासून पॅनेलच्या मागच्या त्या खरवडलेल्या जागेपर्यंत मल्टीमीटरने मोजा, १ ओहमच्या बरंच खाली आलं पाहिजे. दोन पिनांचा अँप असेल आणि मूळ पॅनेल प्लॅस्टिकचं होतं तर त्या जागी धातूचं पॅनेल लावू नका, पॉवर स्विचचं इन्सुलेशन त्या प्लॅस्टिकच्या भरवशावर ठरवलेलं असू शकतं.